एक रेघ मारायला किती वेळ लागतो?

आमच्या महाविद्यालयात भांडणांना तोटा नाही. स्नेहसंमेलनातल्या नाटकावरून, ग्रंथालयातल्या पंख्याखालच्या खुर्चीवरून, कँटीनच्या उधारीवरून ती होतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाबरोबर मिटतात. पण गेल्या वर्षी एका लाकडी गोळीवरून माझे आणि माझ्या जिवलग मैत्रिणीचे जे भांडण झाले, ते पाच आठवडे टिकले. गोळी म्हणजे केवढी? सुपारीहून थोडी मोठी. व्यास तीन सेंटिमीटर, वजन फार तर अठरा ग्रॅम. एवढ्याशा वस्तूपायी दोन शहाण्यासुरत्या मुली पाच आठवडे एकमेकींचे तोंड पाहत नाहीत, ही गोष्ट हसण्यासारखी आहे खरी. वाचकांनी अवश्य हसावे. हसून झाल्यावर मात्र थोडा विचारही करावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

खेळाचे नाव पेतांक. आमच्या फ्रेंचच्या मॅडम प्रशिक्षणासाठी फ्रान्सला गेल्या होत्या. तिकडून येताना लोक अत्तर आणतात, चॉकलेटे आणतात. मॅडमनी दोन खेपांत मिळून बारा पोलादी गोळे आणले. एकेका गोळ्याचे वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे साडेआठ किलो लोखंड या बाईंनी सातासमुद्रापलीकडून वाहून आणले, ते का? तर “भाषा जशी तोंडाने येते, तशी हातापायांनीही येते,” असे त्यांचे म्हणणे. ग्रंथालयाच्या मागे जी मुरमाड जागा आहे, जिथे पूर्वी मोडक्या सायकली आणि कँटीनची कुत्री विसावा घेत, तिथे आमचा खेळ सुरू झाला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीवर एक लहानसे रिंगण काढायचे. त्यात उभे राहून ती लाकडी गोळी सहा ते दहा मीटरच्या अंतरात टाकायची. फ्रेंच लोक तिला ‘कोशोने’ म्हणतात. कोशोने म्हणजे डुकराचे पिल्लू. आम्ही नुसतेच ‘पिल्लू’ म्हणतो. मग दोन्ही बाजूंनी आपापले गोळे त्या पिल्लाच्या जवळात जवळ नेऊन टाकायचे. कोणी अलगद, घरंगळत नेतो. कोणी नेम धरून प्रतिपक्षाचा गोळाच उडवून लावतो. सगळे गोळे संपले की ज्या बाजूचा गोळा पिल्लाच्या सर्वांत जवळ, तो डाव तिचा. आणि प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या गोळ्याहूनही जवळ आपले जितके गोळे असतील तितके गुण आपल्याला. आधी तेरा गुण करील तो सामना जिंकला. पळणे नाही, धापा टाकणे नाही, कपडे मळणे नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या गावांत झाडांच्या सावलीत म्हातारीकोतारी माणसे तासन्‌तास हा खेळ खेळतात. आपल्याकडे १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या पुदुच्चेरीतही तो खेळला जातो.

“एवढाच खेळ?” आम्ही पहिल्या दिवशी विचारले. त्यावर मॅडमनी आमच्या हातात नियमपुस्तिकेची प्रत ठेवली. १९५८ साली या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याचे हे नियम. कलमे चाळीसच्या घरात! ती वाचताना आमची हसता हसता पुरेवाट झाली. मोजण्यापूर्वी गोळ्याला किंवा पिल्लाला चिकटलेली माती काढावी. अंतर पावलांनी मोजू नये. आधीच्या गोळ्याने पडलेला खड्डा बुजवायचा असेल तर एकच बुजवावा. पिल्लू टाकणाऱ्याला जमीन अजमावायची असेल तर गोळा जमिनीवर तीनदा आपटून पाहावा, चौथ्यांदा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिल्लू जिथे थांबेल तिथे जमिनीवर खूण करावी.

“हा खेळ आहे की दिवाणी दावा?” माझी मैत्रीण म्हणाली. मी तर तिच्याही पुढे गेले. “आपण काय परके आहोत का गं एकमेकींना? खुणा कसल्या करायच्या?” असे मी म्हणाले. हे वाक्य मला आजही जसेच्या तसे आठवते, कारण पुढे ते मला फार महाग पडले.

आता त्या सामन्याविषयी. फ्रेंचच्या वर्गातल्या आठ जोड्यांची स्पर्धा होती. विजेत्या जोडीला मॅडमकडून एक जाडजूड फ्रेंच शब्दकोश मिळणार होता. अंतिम सामन्यात एका बाजूला मी आणि माझी जोडीदारीण, दुसऱ्या बाजूला माझी मैत्रीण आणि तिची जोडीदारीण. आमचे बारा गुण, त्यांचे अकरा. शेवटच्या डावातले बाराही गोळे टाकून झाले. पिल्लाजवळ आमचा एक गोळा आणि त्यांचे दोन अशी दाटी झाली होती. आमचा गोळा सर्वांत जवळचा ठरला तर आमचे तेरा. त्यांचे दोन्ही जवळचे ठरले तर त्यांचे तेरा. म्हणजे या दोहोंपैकी काहीही झाले तरी सामना तिथेच संपणार होता. मॅडम प्राध्यापकांच्या बैठकीला गेल्या होत्या, त्यामुळे पंच कोणीच नव्हते. मी भूगोल विभागातून आणलेला टेप उलगडायला घेतला, आणि एवढ्यात कँटीनचा काळ्या आला.

काळ्या हा कुत्रा आमच्या महाविद्यालयात अनेक प्राध्यापकांपेक्षा जुना आहे. तो शांतपणे आमच्यामधून गेला, त्याने पिल्लू हुंगले, नाकाने ढकलून पाहिले, ही खाण्याची वस्तू नव्हे असा निर्णय घेतला आणि आला तसा निघून गेला. सगळा प्रकार तीन-चार सेकंदांचा. पिल्लू वीतभर सरकले होते.

“इथं होतं,” मी एका जागेवर बोट ठेवून म्हणाले.

“इथं कुठं? इथं होतं!” मैत्रिणीने दुसरीच जागा दाखवली.

मी दाखवलेली जागा आमच्या गोळ्याजवळ होती. तिने दाखवलेली जागा त्यांच्या गोळ्यांजवळ होती, हे सांगायला नकोच. दोघीही शपथेवर सांगत होतो. बघ्यांमध्ये दोन तट पडले. कोणी म्हणाले नाणे उडवा, कोणी म्हणाले डाव पुन्हा खेळा. त्या गोंधळात मला एकाएकी नियमपुस्तिका आठवली. पिल्लू वाऱ्याने हलले, एखाद्या प्राण्याने हलवले, कोणाचा पाय लागून सरकले, तर ते मूळ जागी ठेवावे. पण त्या जागेवर खूण केलेली असेल तरच. खूण नसेल तर तक्रार ऐकली जाणार नाही. म्हणजे पिल्लू आता जिथे आहे, तीच त्याची जागा! आणि काळ्याच्या कृपेने ते आता आमच्या गोळ्याला जवळजवळ खेटून होते.

मी नियम सांगितला. कोणालाच तो खोडून काढता येईना. आम्ही तेरा गुणांनी जिंकलो. माझी मैत्रीण माझ्याकडे पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, “कालपर्यंत याच नियमाला हसत होतीस ना गं?” त्यानंतर ती पाच आठवडे बोलली नाही.

शब्दकोश माझ्या टेबलावर होता. मी नियमाप्रमाणे जिंकले होते. मग मला तो उघडावासा का वाटत नव्हता? मी मनाशी पुष्कळ वाद घातला. मी खोटे तर बोलले नव्हते. पिल्लू मला जिथे दिसले होते तीच जागा मी दाखवली होती. मग चूक तिचीच असली पाहिजे. तीच खोटे बोलत असली पाहिजे. चार वर्षांच्या मैत्रिणीविषयी मी असा विचार करू लागले, याची आज मला सर्वांत जास्त लाज वाटते.

पुढे महिन्याभराने प्रथम वर्षाच्या एका मुलीने स्पर्धेचे फोटो आमच्या गटात टाकले. त्यातला एक नेमका शेवटचा गोळा थांबल्यानंतरचा आणि काळ्या येण्यापूर्वीचा होता. मी तो मोठा करून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. पिल्लू मी दाखवलेल्या जागी नव्हते. आणि गंमत अशी की, मैत्रिणीने दाखवलेल्या जागीही नव्हते! दोहोंच्या मध्ये, एका चपट्या खड्याला टेकून ते बसले होते. तिथून कोणाचा गोळा अधिक जवळ होता? फोटो तिरका असल्यामुळे ते सांगता येत नाही, कधीच येणार नाही.

दोन दिवस तो फोटो मी कोणाला दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी शब्दकोश आणि फोटो दोन्ही घेऊन तिच्या घरी गेले. तिनेही तो कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाली, “म्हणजे आपण दोघीही खोट्या नव्हतो, आणि दोघीही खऱ्या नव्हतो.”

माझ्या मते बारीकसारीक नियमांचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

नियम लबाडांसाठी असतात अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. काही नियम तसे असतातही. गोळ्यात वाळू किंवा शिसे भरू नये हा पेतांकमधला नियम लबाडांसाठीच आहे; प्रामाणिक माणसाच्या डोक्यात ती कल्पनाही यायची नाही. परंतु खूण करा, माती पुसा, पावलांनी मोजू नका हे नियम लबाडांसाठी नाहीत. ते तुमच्या-माझ्यासारख्या सरळ माणसांसाठी आहेत. कारण सरळ माणसाची नजरसुद्धा त्याच्या इच्छेकडे किंचित झुकते, आणि ती झुकली आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. लबाडाला आपण लबाडी करतो हे निदान ठाऊक तरी असते! आम्हां दोघींना आपापली चूक कळायला एक तिरका फोटो यावा लागला. जमिनीवर काठीने एक रेघ ओढली असती तर दोन सेकंदांत काम झाले असते.

आणि ती रेघ केव्हा ओढायची, हेही महत्त्वाचे आहे. पिल्लू थांबल्याबरोबर, पहिला गोळा टाकण्याच्या आधी ती ओढायची. त्या क्षणी या रेघेचा फायदा कोणाला होणार आहे हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणूनच ती निःपक्षपाती असते. मी ज्या नियमाच्या आधारे जिंकले तो नियम बरोबरच होता. पण मला तो आठवला कधी? त्याचा लाभ मला होणार हे दिसल्यावर! आधी सांगितलेला नियम दोघांचाही असतो. अडचणीच्या वेळी आठवलेला नियम ज्याला आठवतो त्याच्या एकट्याचा होतो. तिची तक्रार नियमाविरुद्ध नव्हतीच. माझ्या सोयीच्या स्मरणशक्तीविरुद्ध होती.

या दृष्टीने मी नियमपुस्तिका पुन्हा वाचली, तेव्हा आधी जी कलमे हास्यास्पद वाटली होती त्यांचा अर्थ लागू लागला. अंतर कोणी मोजायचे? ज्या बाजूने शेवटचा गोळा टाकला तिने. पण तिच्यानंतर पुन्हा मोजून पाहण्याचा हक्क प्रतिपक्षाला नेहमीच असतो. म्हणजे विश्वासही आहे आणि पडताळाही आहे. पडताळा मागितला म्हणून अपमान झाला असे मानायचे कारण उरत नाही. मोजताना वादातला गोळा किंवा पिल्लू हलले तर? ज्याच्या हातून हलले त्या बाजूने तो गुण गमावला. हे कठोर वाटते. परंतु त्यामुळेच मोजणारा श्वास रोखून मोजतो. गुणांबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत होण्यापूर्वीच गोळे उचलले तर? खूण केली नसेल तर उचललेले गोळे हिशेबातून बाद. “आम्हीच जिंकलो” म्हणत घाईने गोळे गोळा करणाऱ्या उत्साही मंडळींना हा नियम आवर घालतो. ही कलमे ज्यांनी लिहिली त्यांनी माणसे खेळताना फार बारकाईने पाहिली असली पाहिजेत. मला तर वाटते, एकेका कलमाच्या पाठीमागे कोणाचे तरी पाच आठवड्यांचे भांडण असेल!

आता कोणी म्हणेल, हे सारे फ्रेंचांचे चोचले. आपल्याकडचे खेळ कसे मोकळेढाकळे. ही समजूतही मला तपासून पाहावीशी वाटते. लहानपणी आजीने मला सागरगोटे खेळायला शिकवले. एक सागरगोटा उचलताना शेजारचा जराही हलता कामा नये. हलला की डाव गेला. आजीची नजर इतकी तीक्ष्ण की केसभर हलला तरी “हलला!” म्हणून सांगायची, आणि विशेष म्हणजे तिचा स्वतःचा हलला तरी तीच आधी सांगायची. पेतांकमध्ये मोजताना गोळा हलला तर गुण जातो, हे वाचताना मला आजीच आठवली. अंगणात मुले गोट्या खेळायची, तेव्हा वीत कोणाची धरायची हे आधी ठरे. कारण प्रत्येकाची वीत वेगळी. एवढेच काय, लहान भावंडाला खेळात घ्यायचे तर ‘हा कच्चा लिंबू’ असे खेळ सुरू होण्यापूर्वी मोठ्याने जाहीर करावे लागे. मी स्वतः कितीतरी वर्षे कच्चा लिंबू होते! म्हणजे सवलतसुद्धा नियमाने, सर्वांदेखत आणि आधी. डाव अंगावर आल्यावर जो सवलत मागे, त्याच्यासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र शब्दच आहे: रडीचा डाव. ज्या भाषेत असा शब्द आहे, त्या भाषेच्या माणसांना नियमाचे महत्त्व फ्रान्सकडून शिकण्याची गरज नाही. आपल्याला ते अंगणात ठाऊक होते. मोठे झाल्यावर आपण विसरलो, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आमच्या एका आदरणीय सरांनी माझे म्हणणे ऐकून सांगितले, “खिलाडूवृत्ती असली की नियमांचा कीस काढावा लागत नाही. नियमांचा कीस काढणारा खेळाचा आनंद घालवतो.” सरांची क्षमा मागून मला याविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे, आणि ते माझ्याच फजितीच्या आधारे सांगते, म्हणजे कोणाला राग येणार नाही.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्या भांडणानंतर मी नियमांची कडवी पुरस्कर्ती झाले. हातात पुस्तिका, डोळे दुसऱ्यांच्या पायांवर. पेतांकमध्ये पायांना फार महत्त्व आहे. हा खेळ जन्मालाच आला तो पायांच्या नियमातून. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हांस प्रांतात गोळ्यांचा एक जुना खेळ आहे. त्यात पंधरा ते एकवीस मीटरवर गोळे टाकतात आणि नेम मारायचा असेल तर तीन पावले धावत जाऊन टाकतात. मार्सेयजवळच्या ला सियोता या गावी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, झ्यूल लनवार नावाचा एक नामांकित खेळाडू होता. संधिवाताने त्याला धावता येईना, आणि त्याच्यावर कडेला बसून इतरांचा खेळ पाहण्याची पाळी आली. तेव्हा त्याच्या एका स्नेह्याने युक्ती काढली. अंतर कमी करायचे, जमिनीवर रिंगण काढायचे आणि सर्वांनीच पाय रोवून, जागच्या जागी उभे राहून गोळा टाकायचा. १९१० साली त्या गावी या नव्या खेळाची स्पर्धाही झाली. प्रोव्हांसच्या बोलीत ‘रोवलेले पाय’ या अर्थाचे जे शब्द आहेत, त्यांवरूनच पेतांक हे नाव पडले. म्हणजे ज्याला आपण क्षुल्लक तपशील म्हणतो, तोच या खेळाचा जन्म आणि तेच त्याचे नाव! सर्वांना धावण्याची मुभा ठेवली असती तर लनवार कायमचा बाकावरच बसला असता. नियमाने धडधाकटांचे पाय बांधले आणि एका आजारी माणसाला पुन्हा खेळात घेतले.

तर मी पायांवर नजर ठेवून असे. आमच्या ग्रंथालयातले शिपाई काका निवृत्तीला आलेले. दुपारच्या सुट्टीत ते आमचा खेळ पाहत उभे राहत. लहानपणी गावी गोट्यांत त्यांचा हात कोणी धरत नसे, असे ते सांगत. एके दिवशी मॅडमनी त्यांच्या हातात गोळा दिला. काकांनी तो असा काही टाकला की पिल्लाला अलगद जाऊन टेकला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा गोळा टाकताना मात्र माझ्या लक्षात आले की, हात पुढे जाताच काकांच्या दोन्ही टाचा वर उचलल्या जातात.

“काका, पाय उचलला! गोळा बाद!” मी ओरडले.

काका गडबडले. रिंगणातून बाहेर आले, हात झटकले आणि ओशाळून म्हणाले, “चुकलं ताई. शिकल्यासवरल्यांचा खेळ हा. आम्हाला काय कळणार?”

ते वाक्य मला अजून बोचते. टाळ्या थांबल्या होत्या. सरांचा आक्षेप खरा ठरावा असाच तो क्षण होता: नियम जिंकला होता आणि आनंद मेला होता. तेवढ्यात मॅडमनी माझ्या हातातली पुस्तिका मागितली, ते कलम काढले आणि मला म्हणाल्या, “वाच. मोठ्याने. एकही शब्द न गाळता.”

मी वाचले. खेळाडूचे पाय रिंगणात असावेत, रिंगणाला स्पर्श करू नयेत, आणि टाकलेला गोळा जमिनीला टेकेपर्यंत ते रिंगणाबाहेर जाऊ नयेत किंवा जमिनीवरून... पुढचा शब्द होता ‘आंतियेरमाँ’. म्हणजे ‘पूर्णपणे’. पाय जमिनीवरून पूर्णपणे सुटता कामा नयेत! टाच उचलली, पण चवडा जमिनीवर आहे, तर त्यात काहीही गैर नाही. काकांचा गोळा निर्दोष होता. आणि समजा चूक झालीच असती, तरी पहिल्या वेळेला केवळ ताकीद द्यायची असते. गोळा बाद होतो तो त्यानंतर. म्हणजे एका दमात मी दोन चुका केल्या होत्या. तीन वर्षे फ्रेंच शिकलेल्या मुलीने एक क्रियाविशेषण गाळून वाचले आणि एका वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावले.

मी काकांची क्षमा मागितली. ते पुन्हा रिंगणात उभे राहिले.

माझे सरांना उत्तर हे आहे. त्या दिवशी आनंद घालवला तो बारकाव्याने नव्हे. अर्धवट वाचलेल्या नियमाने घालवला. बारकाव्याने तो परत आणला. नियमांचा दुराग्रह करणारी माणसे फार तपशिलात शिरतात असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा ती पुरेशी तपशिलात शिरलेलीच नसतात. त्याच पायांच्या कलमाचा पुढचा भाग मी नंतर वाचला. ज्याचा एक पाय अधू आहे त्याने एकच पाय रिंगणात ठेवला तरी चालतो. जो चाकांच्या खुर्चीतून खेळतो, त्याच्या टाकत्या हाताच्या बाजूचे एक चाक रिंगणात असले की पुरे. लनवारसाठी जन्मलेला खेळ त्याच्यासारख्यांना विसरलेला नाही. असा जिव्हाळा ‘सांभाळून घ्या हो’ या शब्दांतही असेल, पण त्यात सांभाळून घेणाऱ्याचे उपकार असतात. कलमात लिहिले की तो हक्क होतो. काकांना त्या दिवशी आमची दया नको होती. तो एक शब्द हवा होता, आणि तो पुस्तकात होता.

याचा अर्थ नियम दगडावरची रेघ आहे असे मी म्हणत नाही. पूर्वी पिल्लू योग्य अंतरात टाकण्यासाठी तीन संधी मिळत. २०१६ अखेरच्या सुधारणेनंतर एकच मिळते. ती चुकली की प्रतिपक्षाने ते हाताने योग्य जागी ठेवायचे. कोणाला हा बदल आवडेल, कोणाला नाही. परंतु तो केला गेला तो दोन सामन्यांच्या मध्ये, जाहीरपणे आणि सर्वांसाठी. पडत्या डावात कोणा एकासाठी केला गेला नाही. नियम बदलावेत, ते बदलण्याचीही एक वेळ असते, एवढेच माझे म्हणणे.

आपण कला शाखेची मंडळी. काटेकोरपणा हा विज्ञान आणि वाणिज्य शाखांचा प्रांत, आपला प्रांत भावनेचा, असे आपण सोयीने मानतो. पण कवितेतला एक स्वल्पविराम सरकला तर अर्थ सरकतो हे आपल्याच वर्गात शिकवतात ना? आपण उद्या शिक्षक होऊ, कार्यालयांत बसू, निवडणुकीची मते मोजू, सोसायटीच्या सभेत इतिवृत्त लिहू. तिथेही ‘आपण काय परके आहोत का?’ असे म्हणून खूण करायची राहील, आणि मग एखादा काळ्या येईल. काळ्या कोठेही येतो. त्याचा दोष नाही.

आमच्या भांडणाचा शेवट सांगून हा लेख पुरा करते. शब्दकोश आता आम्हां दोघींचा आहे. सत्राचा पहिला अर्धा काळ तो तिच्याकडे आणि उरलेला माझ्याकडे, असे तारखा घालून लिहून ठेवले आहे. यंदा पुन्हा स्पर्धा झाली. पुन्हा आम्ही समोरासमोर आलो. नाणेफेक तिने जिंकली, रिंगण काढले, पिल्लू टाकले. ते घरंगळत गेले, एका खड्याला लागून थांबले. मी काही बोलण्यापूर्वीच ती चालत तिथवर गेली, खाली वाकली आणि काडीने पिल्लाच्या कडेने जमिनीवर एक रेघ ओढली. मग माझ्याकडे पाहून हसली.

मी मनात मोजले. बरोबर दोन सेकंद.

— तृतीय वर्ष कला